ती खुर्ची राखाडी निघाली

परवा हार्ड डिस्क भरली म्हणून जुने फोल्डर आवरायला बसले (भरल्याशिवाय आवरायचं सुचत नाही, हा स्वभावच) आणि त्यात एक फाईल सापडली, नाव "खुर्ची फायनल खरंच फायनल ३". उघडली आणि एकटीच हसत बसले. संध्याकाळची खोली, खिडकीतून येणारा निळसर उजेड, मधोमध एक लाकडी खुर्ची, आणि ती खुर्ची मी अशी नारिंगी करून ठेवलेली की जणू तिच्या आत बल्ब लावलाय. बाकी खोली ठीकठाक होती हो. पण खुर्ची त्या खोलीतली वाटतच नव्हती, वरून स्टिकर चिकटवल्यासारखी दिसत होती.

फोटो समोर ठेवून कॉम्प्युटरवर काढलं होतं ते चित्र. तेव्हा काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं पण काय ते सापडेना, मग ब्रश बदलून पाहिले, कडा मऊ केल्या, वरून टेक्श्चर टाकलं, तरी नाही. शेवटी वैतागून फोटोवर कलर पिकर टेकवला (जिथे टेकवाल तिथला नेमका रंग आकड्यांत सांगतो तो). मला खात्री होती की मस्त गडद नारिंगी मिळणार. सॅच्युरेशन, म्हणजे रंग किती भडक ते, आलं ७. शंभरातले सात! आणि ह्यू, म्हणजे रंग लाल की पिवळा की निळा ते, चक्क निळ्याच्या बाजूला. वाटलं चुकून सावलीत क्लिक झालं, म्हणून अजून चारपाच ठिकाणी टेकवलं, सगळीकडे तीच कथा, राखाडी, करडा, जरासा निळसर राखाडी. आणि पिकर बाजूला करून परत फोटोकडे पाहिलं तर खुर्ची पुन्हा होती तशी लाकडी आणि ऊबदार.

त्या दिवशी डोकं फिरलं आणि कलर स्टडीचं, म्हणजे नुसता रंग आणि उजेड समजून घ्यायला झटपट चित्रं काढायचं, खूळ सुरू झालं. त्याआधीची दोन वर्षं मी ज्याला पेंटिंग म्हणायचे ते म्हणजे शाळेतल्या चित्रकलेच्या वहीसारखं रेषेच्या आत रंग भरणं होतं. माझ्याकडे स्वॅचची (आधीच ठरवून ठेवलेल्या रंगांची) एक पट्टी होती, "स्किन" नावाची, त्यात तीन रंग, उजेडाचा, मधला आणि सावलीचा. सकाळ असो, रात्र असो, पात्र पाण्याखाली असो नाहीतर आगीशेजारी, तेच तीन रंग. सावली म्हणजे वर एक लेयर (पारदर्शक थर) घ्यायचा, मोड मल्टिप्लाय, म्हणजे खालचं गडद करणारा, त्यात राखाडी एअरब्रश फिरवायचा, झालं. चेहरे सगळे मेणाचे, तेसुद्धा धुळीत पडलेल्या मेणाचे. पण लाइन चांगली असायची म्हणून लोक छान म्हणायचे आणि मी खूश.

आता हे राखाडी नारिंगी का दिसतं याचं कोडं काही नवीन नाही. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा राजेशाही विणकामाचा कारखाना होता, भिंतीवर लावायचे चित्रांचे मोठमोठे पडदे तिथे विणायचे, आणि तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख म्हणून शेव्रोल नावाचा केमिस्ट १८२४ मध्ये आला. तक्रार अशी होती की काळा धागा नीट काळा दिसत नाही, विशेषतः निळ्या आणि जांभळ्या भागांत सावलीसाठी वापरला की फिका पडतो. गड्याने दुसरीकडचे काळे धागे आणून तपासले, तर गोबलँच्या रंगात काही खोट नव्हतीच. खोट शेजाऱ्यांची होती. निळ्याजांभळ्याच्या शेजारी बसल्यामुळे तो काळा डोळ्याला वेगळाच दिसत होता. त्यावर त्याने वर्षानुवर्षं काम करून १८३९ मध्ये सगळं छापलं, आणि पुढे चित्रकारांनी ते उचललं. माझी खुर्ची तीच भानगड. आजूबाजूची सगळी खोली निळी, मग त्यात जे कमी निळं ते डोळ्याला नारिंगी वाटतं. मेंदू म्हणतो अच्छा, इथे उजेड निळा आहे, म्हणजे ही वस्तू मुळात लाकडी असणार, आणि हिशोब करून तयार उत्तर आपल्या हातात देतो. आपण ते उत्तर रंगवतो. २०१५ मध्ये त्या ड्रेसवरून सगळं इंटरनेट भांडलं होतं ना, निळा-काळा की पांढरा-सोनेरी, ते याच हिशोबामुळे. (निळा-काळाच होता. मला पांढरा दिसला होता. अजूनही थोडं लागतं मनाला.)

तर स्टडी. मी काय करायचे ते सांगते, ही काही पद्धत वगैरे नाही, चुकत माकत जमलेलं आहे. कॅनव्हास एकदम छोटा, सहाशे पिक्सेल रुंद, झूम करायचं नाही. एकच कडक गोल ब्रश. एकच लेयर, म्हणजे मागे लपायला जागा नाही. टायमर २० मिनिटांचा. आणि रेफरन्स फोटोवर पिकर लावायला सक्त मनाई, चित्र संपेपर्यंत. संपलं की मग दोन्ही शेजारी ठेवायचे आणि मनातल्या मनात पैज लावून पिकर टेकवायचा, "ही सावली जांभळी, सॅच्युरेशन तीसेक", टक. निघालं अकरा. हरले. पुढची.

ही पैज महत्त्वाची हं. आधी मी पिकरनेच रंग उचलून स्टडी करत होते, पंधराएक केल्या असतील, हुबेहूब यायच्या आणि शिकायला मिळालं शून्य, कारण निर्णय एकही माझा नव्हता. याउलट पूर्ण अंदाजाने काढून कधी तपासलंच नाही तरी पंचाईत, चूक कुठे होतेय ते कळत नाही आणि तीच चूक आणखी घट्ट होत जाते. एका वहीत मी चुका लिहायला लागले, तारीख आणि एक ओळ. महिनाभराने वाचलं तर वही भरून एकच रडगाणं होतं. सावली खूप गडद केली. सावली खूप रंगीत केली. उन्हातला रंग पुरेसा उजळ नाही. सावली खूप गडद. सावली खूप गडद. म्हणजे ह्यूबद्दल मी रात्र रात्र डोकं खाजवत होते आणि घोळ होता व्हॅल्यूत, रंग काढून टाकला तर उरणाऱ्या उजळ-गडदात.

व्हॅल्यूचं एक दुखणं वेगळं सांगायलाच हवं कारण त्यात माझे बरेच आठवडे गेले. रंग निवडायचा एचएसबी (ह्यू, सॅच्युरेशन, ब्राइटनेस) स्लायडर असतो ना, त्यातला ब्राइटनेस म्हणजे व्हॅल्यू असं मी धरून चालले होते. चूक! शुद्ध पिवळा घ्या, ब्राइटनेस १००. शुद्ध निळा घ्या, त्याचाही ब्राइटनेस १००. आता दोघांना शेजारी ठेवा आणि डोळे किलकिले करून बघा, पिवळा जवळजवळ कागदाइतका उजळ आणि निळा रात्रीसारखा. स्क्रीनवरचा उजेड आपल्याला किती वाटतो त्यात हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७, पण तो स्लायडर तिघांना एकाच मापाने मोजतो. बरं हे कळल्यावर मी शहाणी झाले का, तर नाही, व्हॅल्यू तपासायला फोटोशॉपमधलं डिसॅच्युरेट वापरायला लागले. तेही तसलंच, शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघांना अगदी एकच राखाडी करून देतं! मला वाटायचं वा, माझ्या व्हॅल्यूज किती जुळल्यात. साधा उपाय असा की सगळ्यात वर एक लेयर घ्या, काळा भरा, मोड कलर करा, आणि त्या लेयरशेजारचं डोळ्याचं चिन्ह उघडझाप करत राहा, लेयर दिसला की चित्र नुसतं उजळ-गडद होतं. क्रिता नावाच्या चित्रकलेच्या ॲपमध्ये तर कलर सिलेक्टरच एचएसवायवर टाकता येतो, म्हणजे ब्राइटनेसच्या जागी वाय, त्यातला वाय बऱ्यापैकी डोळ्यासारखा वागतो. तेवढ्या एका सेटिंगसाठी मी महिनाभर क्रितात मुक्काम ठोकला होता.

फोटोवरून कंटाळा आला तेव्हा कप काढायला घेतला. पांढरा, साधा, कान असलेला कप. टेबलावर ठेवला आणि जिथे होता तिथेच राहू दिला, फक्त वेळ बदलायची. सकाळी खिडकीचा उजेड, दुपारी पडद्यातून, संध्याकाळी, रात्री दिव्याखाली, एकदा नुसता मॉनिटरच्या उजेडात. मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी अशाच रंगवल्या होत्या, पंचवीसेक चित्रं, म्हणे एकाच वेळी बरेच कॅनव्हास सोबत न्यायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. माझ्याकडे गंजी नाहीत, कप आहे. आणि अनडूचं बटण आहे, जे मोनेकडे नव्हतं.

कपाचा फायदा म्हणजे त्याला स्वतःचा रंगच नाही, त्यामुळे दिसतो तो सगळा उजेडाचा. "पांढरा कप" म्हटलं की हात आपोआप पांढऱ्याकडे जातो, ती सवय मोडायला दहाएक कप लागले. रात्रीच्या दिव्यातला माझा कप शेवटी मोहरी रंगाच्या जवळचा निघाला, सगळ्यात उजळ भागसुद्धा पांढरा नव्हता, आणि तरी चित्रात पांढराच वाटत होता. एकदा काय झालं, कपाखाली लाल पुठ्ठ्याची वही राहून गेली. कपाच्या बुडाशी गुलाबी झाक आली, ती तर अपेक्षितच होती, खालून उजेड उसळून वर येतो. पण बघत बसले तेव्हा दिसलं की ती झाक खिडकीकडच्या बाजूला जवळपास नाहीच, फक्त सावलीच्या बाजूला आहे, तिथे मात्र पाव कप गुलाबी. आधी मला वाटलं वही त्या बाजूला जास्त बाहेर आलीय. सरकवून मध्यावर आणली, तरी तेच. कारण साधं आहे, खिडकीच्या बाजूने इतका उजेड पडतोय की वहीचा बिचारा थोडासा उसळलेला उजेड त्यात बुडून जातो, सावलीत त्याला स्पर्धा नाही म्हणून तो दिसतो. हे मी वाचलं होतं हो आधी, दहा वेळा वाचलं होतं. पण वही हाताने सरकवून बघितल्यावर जे डोक्यात बसलं ते आता जात नाही, आता कुठल्याही पात्राची हनुवटी काढताना आधी प्रश्न येतो की खाली कपडा कुठल्या रंगाचा आहे.

मधेच एक फजिती. सलग तीन रात्री कप काढले, रात्री अगदी सुरेख वाटले, आणि सकाळी उघडले तर तिन्ही कप निळे पडलेले, गारठलेले, जणू फ्रीजमधून काढलेत. मी आधी फाईलला दोष दिला, मग मॉनिटरला, मग प्रोफाईल बदलून पाहिलं, सेटिंगमध्ये तासभर गेला. आणि मग लक्षात आलं की रात्री दहानंतर स्क्रीनचं नाइट मोड आपोआप चालू होतं, ते सगळं पिवळट करतं, आणि मी त्या पिवळटपणाला पुरून उरायला प्रत्येक रंग थोडाथोडा निळ्याकडे ढकलत बसले होते. तेव्हापासून पेंटिंग उघडलं की नाइट मोड बंद. झोपेचं जे व्हायचं ते होवो.

आता कॅरेक्टर डिझाइन. खरं सांगायचं तर मला पहिल्यापासून हेच करायचं होतं, कप वगैरे सगळं याच्यासाठी. माझ्याकडे एक पात्र आहे, घड्याळं दुरुस्त करणारी एक म्हातारी, तिला मी नुसतं आजी म्हणते. डोळ्याला लावायचं ते भिंग, खिशाखिशांचा ॲप्रन, मोठे हात. ती डोक्यात तीन वर्षांपासून आहे आणि पहिल्यांदा काढली तेव्हा मी तिला सगळंच देऊन टाकलं, जांभळे केस, मोरपंखी ॲप्रन, लाल बूट, अंगभर पितळी चाकं, पाठीवर पेंडुलम, खांद्यावर एक यांत्रिक चिमणी. धाकट्या भावाला दाखवली. तो चित्रबित्र काढत नाही, पण तोंड आहे.

"ताई, ही कोण आहे?"

"घड्याळं दुरुस्त करते ती."

"मग हिचे हात कुठेत?"

हात होते हो! अगदी मधे, ॲप्रनच्या समोर, त्यात उघडलेलं घड्याळ, मी एक अख्खी संध्याकाळ त्या बोटांवर घालवली होती. पण तो बरोबर होता. काळा लेयर, मोड कलर, आणि हात गायब. कातडीची व्हॅल्यू आणि मोरपंखीची व्हॅल्यू तंतोतंत सारखी होती, नुसत्या ह्यूच्या जोरावर दोघं वेगळे उभे होते आणि त्यातही बुटांचा लाल इतका ओरडत होता की नजर आधी पायांकडे जायची. जी बाई हातांनी जगते तिचे हात दिसत नाहीत आणि बूट दिसतात, याला डिझाइन कसं म्हणायचं.

मग सगळं काढून टाकून सिलुएटपासून सुरुवात केली. नुसता काळा आकार, आत एक रेघ नाही. चाळीसएक केले, अंगठ्याएवढे, एका पानावर. पहिले दहाबारा सगळे सारखेच, गोणपाटाला डोकं लावल्यासारखे, कारण हात पोटासमोर होते आणि काळ्यात काळं मिसळून जात होतं. विसाव्याच्या आसपास कुठेतरी तिने घड्याळ उचलून उजेडाकडे धरलं, कोपर बाहेर आलं, कोपर आणि कमरेच्या मधे एक त्रिकोणी पोकळी तयार झाली, आणि एकदम ती आजी झाली. त्या पोकळीसाठी मी पुढची वीस थंबनेल खर्च केली, कधी मोठी, कधी छोटी. प्रमाण पण बदललं. मोठं माणूस साधारण साडेसात डोकी उंच काढतात, हिला चार डोक्यांवर आणलं आणि हाताचा पंजा चेहऱ्याएवढा ठेवला, म्हणजे जवळपास कार्टूनच, पण हात लपायची सोय संपली. अंग गोल, खांदे गोल, अंबाडा गोल, आणि फक्त हत्यारं टोकदार. गोल म्हणजे प्रेमळ आणि त्रिकोण म्हणजे धोकादायक असं शिकवतात सगळीकडे, ते खरं असलं तरी फार सरधोपट आहे, मला उलट एवढंच दिसलं की सगळं गोल असताना एक टोक असेल तर नजर त्या टोकाला जाऊन अडकते. पितळी चाकं गेली. पेंडुलम गेला. चिमणी राहिली होती बराच काळ, माझा जीव होता तिच्यावर, शेवटी ती पण उडाली.

व्हॅल्यू तीनच ठेवल्या, ॲप्रन गडद, बाह्या वर सरकवलेल्या आणि उजळ, बाकी मधलं. गडद ॲप्रनपुढे हात आपोआप पुढे आले, काहीही न करता. मग रंग.

इथे एका ऑनलाइन कोर्सची आठवण निघते, पैसे भरून केला होता, त्यात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की चक्रावर समोरासमोरचे रंग घ्या, पॅलेट हमखास जमतं. तोंडाने सांगायचे लालच्या समोर हिरवा, आणि मी ॲपच्या चक्रावर लालच्या समोर जायचे तर तिथे हिरवा नाहीच, सायन! किती दिवस मला वाटलं माझं ॲप बिघडलंय. त्यांचं चक्र रंगाच्या ट्यूबवालं, लाल-पिवळा-निळा, आणि स्क्रीनचं चक्र लाल-हिरवा-निळा, दोन्हींत समोरासमोरच्या जोड्या वेगळ्या येतात, हे एका वाक्यात सांगता आलं असतं, कुणी सांगितलं नाही. आणि जोडी बरोबर घेतली तरी दोन्ही रंग फुल्ल सॅच्युरेशनला ठेवून अर्धेअर्धे वापरले तर पॅलेट जमत नाही, भांडण जमतं. माझी पहिली आजी म्हणजे तो कोर्स अंगावर घालून उभी राहिलेली बाई होती.

या वेळी मी वेगळं केलं, चार रंगांत आजी बसवायची. अँडर्स झोर्न नावाचा स्वीडिश चित्रकार होता, १८६० ते १९२०, त्याच्या नावाने एक पॅलेट ओळखलं जातं, पांढरा, काळा, पिवळा गेरू आणि शेंदरी. १८९६ च्या त्याच्या एका सेल्फ पोर्ट्रेटमध्ये हातातल्या पॅलेटवर हेच चार रंग दिसतात. यात निळा नाही, ही गंमत आहे. काळ्यात पांढरा मिसळला की जो राखाडी येतो तो गेरू आणि शेंदरीच्या शेजारी ठेवला की निळा दिसतो. माझ्या खुर्चीचंच उलटं रूप! तिथे निळ्यात राखाडी नारिंगी झाला, इथे नारिंगीत राखाडी निळा. डिजिटलमध्ये मिक्सिंग ट्यूबसारखं होत नाही, पण मी कोपऱ्यात चार ठिपके काढून कमी ऑपॅसिटीच्या (जरा पारदर्शक) ब्रशने त्यांच्यातच मिसळत बसायचे, चक्राला हात लावायचा नाही असं ठरवून.

ॲप्रन नुसता राखाडी. खराखुरा, सॅच्युरेशन ४. आणि बघते तर काय, निळा ॲप्रन! केस पांढरे होते त्यांच्यात थोडा तोच राखाडी, त्यांना चांदीसारखी थंड झाक आली. आणि चेहरा, जो माझ्या तीन रंगांच्या पट्टीत दोन वर्षं मेणाचा होता, तो पहिल्यांदा कातडीसारखा दिसला, कारण या वेळी मी एकच "स्किन" न घेता कपाळ जरा गेरूकडे, गाल-नाक-कान शेंदरीकडे आणि हनुवटीखाली राखाडीकडे असं फिरत गेले. व्हॅल्यू तीच, फक्त ह्यू थोडा थोडा इकडेतिकडे. जिथे कातडी पातळ आणि रक्त जवळ तिथे लाली, म्हातारीच्या हाताला बोटांच्या पेरांवर ती सगळ्यात जास्त, ते पेर रंगवताना मला खरंच मजा आली, एक एक पेर म्हणजे एक छोटा कप. आजीचा रंग मी नंतर बराच सावळा केला आणि तेव्हा अजून एक गोष्ट दिसली, सावळ्या कातडीवर कपाळाची आणि नाकाची चमक फार ठळक दिसते आणि त्या चमकेत समोरच्या उजेडाचा रंग जसाच्या तसा उतरतो. खिडकी निळी तर चमक निळी. गोऱ्या कातडीवर तीच चमक आसपासच्या उजळपणात हरवते म्हणून मला आधी कधी दिसली नव्हती. आणि मी आयुष्यभर सावळा रंग म्हणजे "स्किन" मध्ये चॉकलेटी मिसळायचा, असं करत आलेले.

एक सोय अशी झाली की कपांची सगळी पॅलेट तयार पडून होती. आजीचे मूळ रंग साध्या पांढऱ्या उजेडात एका पानावर ठरवून ठेवले, मग तिला एकेका कपाच्या उजेडात नेऊन बसवलं, सकाळच्या, दिव्याच्या, मॉनिटरच्या. मॉनिटरच्या उजेडात घड्याळवाली आजी जरा विचित्रच दिसते, पण तपासायला बरं. जे डिझाइन पांढऱ्या उजेडात देखणं होतं ते दिव्याखाली गेलं की ॲप्रनचा निळेपणा पार जातो, तो तपकिरी होतो, हे मला आवडेना, मी दोनदा जबरदस्तीने तो निळा केला आणि दोन्ही वेळा ॲप्रन खुर्चीसारखाच चित्रातून बाहेर येऊन उभा राहिला. मग सोडून दिलं. तपकिरी तर तपकिरी. बघणारा आपोआप निळाच समजतो, भावाला विचारलं तर तो म्हणाला निळाच आहे की, काय विचारतेस.

सध्या दिव्यावालंच चित्र चालू आहे. दिवा तिच्या मागे आहे, म्हणजे कानातून उजेड आरपार येणार, आणि असा मागून उजेड आलेला कान लाल पेटतो, स्वतःचा हात टॉर्चवर धरून बघा, तसा. हे मला इतकं आवडलं की मी सॅच्युरेशन ८५ ला नेलं, कडेला अजून थोडं, आणि कौतुकाने भावाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "आजींच्या कानाला काय लागलंय?"

६० वर आणलाय, आणि कानामागचे केस थोडे अजून थंड केलेत म्हणजे कमी लालही पुरेसा लाल वाटेल. परत पाठवलंय. अजून त्याने बघितलेलं नाही.